कन्सोलचे गेम पीसीवर: एम्युलेशनबद्दल सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

एम्युलेटर म्हणजे नेमकं काय? तो गेम पीसीसाठी कन्व्हर्ट करतो का?

नाही, कन्व्हर्ट वगैरे काही करत नाही. गेम जसाच्या तसा राहतो. एम्युलेटर फक्त त्या गेमला असं भासवतो की तू तुझ्याच कन्सोलवर चालतोयस. म्हणजे बघा, गेम म्हणतो की मेमरीतल्या अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहिला की ग्राफिक्स चिप एक त्रिकोण काढेल. तुमच्या पीसीत ती चिपच नाहीये, मग एम्युलेटर ते लिहिणं मधल्या मधे पकडतो, त्याचा अर्थ लावतो आणि तुमच्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या भाषेत तोच त्रिकोण काढायला लावतो.

सीपीयूचंही तसंच. पीएस३ (प्लेस्टेशन ३), निन्टेन्डोचा वी, एक्सबॉक्स ३६० हे सगळे पॉवरपीसी जातीच्या प्रोसेसरवर चालायचे आणि तुमचा पीसी एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरची भाषा) बोलतो. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे इंटरप्रिटर, एक सूचना वाचायची, ती सांगेल ते करायचं, मग पुढची. बरोबर चालतं पण फार हळू. म्हणून आताचे सगळे मोठे एम्युलेटर रिकम्पायलर वापरतात, म्हणजे कोडचा अख्खा तुकडा एकदाच भाषांतर करून ठेवायचा आणि परत लागला की तयार भाषांतरच चालवायचं.

माझा पीसी त्या जुन्या कन्सोलपेक्षा कितीतरी तगडा आहे. मग गेम का अडखळतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर नीट समजलं तर खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालायचा. आजचा पीसी ४-५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे हजारपटीहून जास्त. एका सूचनेसाठी पीसीला शंभर सूचना खर्च कराव्या लागल्या तरी वेळ उरतो. आता पीएस३ घ्या. २००६ चं यंत्र, पण घड्याळ ३.२ गिगाहर्ट्झ. पीसी ५ वर असला तरी फरक दीडपटीचा! नवीन प्रोसेसर एका ठोक्यात जास्त काम उरकतात हे खरं, पण तरी एकेका सूचनेमागे शंभर सूचना खर्चायची चैन इथे नाही. भाषांतर जवळजवळ फुकटात व्हायला पाहिजे.

त्यात वेळेची कात्री. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेमला एका फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. त्यात सीपीयू, ग्राफिक्स चिप, आवाजाचा प्रोसेसर, डिस्क, कंट्रोलर हे सगळे एकमेकांशी बोलले पाहिजेत, आणि कन्सोलवर ते खरोखर एकाच वेळी समांतर चालत असतात. एम्युलेटरला ते समांतर चालणं सोंगासारखं वठवावं लागतं. एखाद्या गेमने गृहीत धरलं असेल की ग्राफिक्स चिपला हे काम करायला इतका वेळ लागतो, तेवढ्यात मी दुसरं काम करून घेतो, आणि तुमच्या पीसीवर ते काम फार लवकर झालं, तरीही गेम फसू शकतो. लवकर होणंही चूकच, हे पहिल्यांदा ऐकून लोकांना पटत नाही पण तसंच आहे.

आता खरी गोम. कन्सोलसाठी गेम लिहिणाऱ्याला माहीत असतं की जगातल्या प्रत्येक घरात अगदी हेच यंत्र असणार. म्हणून तो यंत्राच्या बारीकसारीक लकबींवर विसंबतो, कागदावर कुठेही न लिहिलेल्या, कधी कधी चिपच्या चुकांवरसुद्धा. ती लकब कुणीतरी शोधून, मोजून, समजून घेऊन कोडमध्ये उतरवेपर्यंत जगातला सगळ्यात वेगवान पीसीही तो गेम नीट चालवू शकत नाही. लोक नवीन हार्डवेअर घेतात आणि म्हणतात बग तसाच आहे. तसाच असणार, कारण तिथे ताकद कमी पडत नाहीये, माहिती कमी पडतेय.

मग एकदम अचूक एम्युलेशन का करत नाहीत सगळे?

कारण अचूकपणाची किंमत भयंकर आहे. नव्वदीतल्या पीसीवरही सुपर निन्टेन्डोचे गेम चालायचे, पण ते एम्युलेटर ठिकठिकाणी शॉर्टकट मारायचे, अमक्या गेमसाठी हा जुगाड, तमक्यासाठी तो. पुढे बीस्नेस नावाचा एम्युलेटर आला ज्याने ठरवलं की एकही जुगाड नाही, प्रत्येक चिप ठोक्याला ठोका जुळवून चालवायची. त्याला २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागायचा. एका १९९० च्या यंत्रासाठी! हेच गणित पीएस३ ला लावायचं म्हटलं तर आज तरी कुठलाच पीसी पुरणार नाही. म्हणून मोठ्या कन्सोलच्या बाबतीत कुठे अचूक राहायचं आणि कुठे सूट घ्यायची हे निवडणं हेच मुख्य काम, आणि तुम्हाला सेटिंगमध्ये जे पन्नास चेकबॉक्स दिसतात ते म्हणजे या निवडीच.

पीएस३ इतका अवघड का? सगळे त्याच्याच नावाने का रडतात?

त्यातला सेल प्रोसेसर. एक मुख्य पॉवरपीसी कोअर आणि त्याच्याभोवती एसपीयू नावाचे छोटे आठ कोअर. त्यातला एक कारखान्यातच बंद ठेवलेला, एक सिस्टिमसाठी राखीव, राहिले सहा ते गेमसाठी. प्रत्येक एसपीयूकडे स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी, आणि तो मुख्य मेमरीला थेट हात लावूच शकत नाही, जे पाहिजे ते आधी स्वतःकडे कॉपी करून आणायचं, काम करायचं, परत पाठवायचं. ज्यांना हे जमलं त्यांनी या सहा कोअरमधून अचाट काम काढून घेतलं, आणि जेवढं अचाट काढलं तेवढे आता एम्युलेटरवाल्यांच्या नाकी नऊ येतात.

एक गोष्ट जवळून दाखवतो. एसपीयूकडे १२८ बिट रुंदीची १२८ रजिस्टर (चालू कामाचे आकडे हाताशी ठेवायच्या जागा) असतात. नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरकडे एव्हीएक्स२ (पीसी प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) पर्यंत अशी १६. आता १२८ हातांनी चाललेलं काम १६ हातांनी करायचं, म्हणजे सतत काहीतरी खाली ठेवा, दुसरं उचला. एव्हीएक्स-५१२ मध्ये हा आकडा ३२ होतो आणि शिवाय एसपीयूच्या काही विचित्र सूचना तिथे एका झटक्यात बसतात, म्हणून आरपीसीएस३ (पीएस३ चा एम्युलेटर) वर एव्हीएक्स-५१२ वाला प्रोसेसर चांगलाच पुढे जातो. इंटेलने आपल्या घरगुती प्रोसेसरमधून १२ व्या पिढीपासून ते काढून टाकलं आणि एएमडीने २०२२ मध्ये झेन ४ मध्ये आणलं, हे प्रोसेसर निवडताना लक्षात ठेवा.

दुसरी डोकेदुखी म्हणजे एसपीयू मेमरीचा १२८ बाइटचा अख्खा तुकडा "आरक्षित" करून बदलू शकतो, मधे कुणी हात लावला तर सगळं रद्द. पीसीला एवढा मोठा तुकडा एका दमात असा बदलता येत नाही. इंटेलच्या काही प्रोसेसरमध्ये टीएसएक्स नावाची सोय होती, आरपीसीएस३ ने तिचा छान उपयोग केला, पण तिच्यात दोष निघत गेले आणि पुढे बऱ्याच प्रोसेसरमध्ये ती बंदच करण्यात आली. मग परत दुसरा मार्ग शोधा. आणि हे सगळं करताना पॉवरपीसी आकडे उलट्या क्रमाने साठवतो, मोठा बाइट आधी, त्यामुळे मेमरीतून काही उचललं की आधी ते उलटं फिरवून घ्यायचं, ठेवताना परत उलटं. एकदा केलं तर काहीच नाही, सेकंदाला कोट्यवधी वेळा केलं की जाणवतं.

आरपीसीएस३ चं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा हे कधी होईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. आज त्याच्या यादीतले बहुतेक गेम शेवटपर्यंत खेळता येतात. मला तरी हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, फ्रेमही पुरेशा मिळतात, पण नवीन काहीही स्क्रीनवर आलं की गेम क्षणभर गोठतो. का?

शेडर. शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम, हा धूर कसा दिसेल, पाण्यावर उजेड कसा पडेल वगैरे. कन्सोलमध्ये चिप एकच, त्यामुळे गेमसोबत शेडर आधीच तयार करून दिलेले असतात, नुसते लोड केले की चालतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा. म्हणून एम्युलेटरला तो शेडर पहिल्यांदा दिसला की आधी त्याचं भाषांतर करायचं, मग तुमच्या ड्रायव्हरने ते कम्पाइल करायचं, आणि याला कधी कधी शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात. तुमच्याकडे होते १६.६७.

म्हणून गंमत कशी होते की पहिला स्फोट झाला, गेम अडकला. दुसरा तसाच स्फोट, काही नाही. नवीन शत्रू आला, परत अडकला. दुसऱ्या दिवशी तोच भाग खेळा, एकदम लोण्यासारखा, कारण तोवर शेडर कॅशेत (तयार शेडर साठवून ठेवायच्या जागेत) बसलेत. आणि मग तुम्ही ड्रायव्हर अपडेट करता आणि कॅशे बऱ्याचदा रद्द होतो आणि पहिल्यापासून सुरू. त्यामुळे ड्रायव्हर अपडेट केल्यावर पहिला तासभर गेम अडखळला तर घाबरू नका.

यावरचा सगळ्यात सुंदर उपाय डॉल्फिनवाल्यांनी (डॉल्फिन म्हणजे निन्टेन्डोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलचा एम्युलेटर) २०१७ मध्ये आणला, उबरशेडर. गेमक्यूब आणि वीच्या ग्राफिक्स चिपला आजच्यासारखे शेडर नव्हतेच, सेटिंगच्या असंख्य जोडण्या होत्या आणि प्रत्येक जोडणीसाठी पीसीवर एक नवा शेडर लागायचा. त्यांनी काय केलं, एकच प्रचंड मोठा शेडर लिहिला जो त्या अख्ख्या चिपचीच नक्कल करतो, कुठलीही जोडणी द्या, कम्पाइल न करता लगेच चित्र काढतो. तो हळू चालतो, म्हणून तेवढ्यात मागच्या बाजूला खरा शेडर तयार होत राहतो आणि झाला की अदलाबदल. खेळणाऱ्याला काही कळतही नाही. मी हा बदल आल्यावर एक जुनी शर्यत परत खेळलो होतो जिथे प्रत्येक वळणावर झटका बसायचा, आणि एकही झटका नाही, तीन मिनिटं मी नुसता रस्त्याकडे बघत होतो.

नवीन कन्सोलना मात्र हा उपाय सहसा तितका सोपा नसतो कारण तिथे शेडर म्हणजे पूर्ण मनाजोगते प्रोग्राम असतात. तिथे बहुतेकदा असिंक्रोनस कम्पायलिंग वापरतात, म्हणजे शेडर तयार होईपर्यंत ती वस्तू काढायचीच नाही. गेम अडकत नाही पण एखादं झाड अर्ध्या सेकंदाने उगवतं. काहींना ते चालतं, मला स्वतःला झटका परवडला पण गायब झाडं नकोत असं वाटतं, तुम्ही दोन्ही करून बघा.

कन्सोलमध्ये रॅम एवढीशी आणि माझ्याकडे १६ जीबी आहे. मेमरीचा काय प्रॉब्लेम असू शकतो?

साठा किती याचा प्रॉब्लेम नसतो, ती मेमरी कुठे आहे आणि कोण तिला हात लावू शकतो याचा असतो. बऱ्याच कन्सोलमध्ये सीपीयू आणि ग्राफिक्स चिप शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या पाटीतलं सहज वाचतात. तुमच्या पीसीत ग्राफिक्स कार्डाची मेमरी वेगळी, मधे पीसीआय एक्सप्रेसचा रस्ता, आणि रस्त्याच्या वेगापेक्षाही वाट बघणं जास्त महागात पडतं, कारण कार्ड हातातलं काम संपवेपर्यंत सीपीयू हात बांधून उभा राहतो.

सुपर मारिओ गॅलॅक्सीचं उदाहरण घ्या. त्यात रिमोट दाखवून तारेचे तुकडे गोळा करतात. गेमला कळायला पाहिजे ना की तुमचा पॉइंटर नक्की कशावर आहे, तर तो काढलेल्या चित्रातून तिथली खोलीची (म्हणजे तिथली वस्तू किती लांब आहे याची) किंमत सीपीयूने वाचतो. वीवर हे काम किरकोळ. पीसीवर दर फ्रेमला कार्डाला थांबवून विचारावं लागतं. डॉल्फिनमध्ये हे वाचणं टाळायचं एक सेटिंग आहे, ते लावलं की वेग वाढतो आणि तारे मात्र हाताला लागत नाहीत. कुठल्यातरी व्हिडिओत बघून सगळी वेग वाढवणारी सेटिंग चालू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक्सबॉक्स ३६० ची तऱ्हा अजून वेगळी. त्याच्या ग्राफिक्स चिपला १० एमबीची अतिशय वेगवान खास मेमरी होती. ७२०पी चं चित्र, रंग आणि खोली धरून, ७ एमबीच्या आसपास, म्हणजे बसतं. पण चौपट अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत दिसायची युक्ती) लावलं की तेच २८ एमबी होतं, मग गेम चित्राचे तीन पट्टे करून एकेक पट्टा काढतो आणि मुख्य मेमरीत नेऊन जोडतो. त्यातच काही गेम तीच जागा आधी खोलीसाठी वापरतात आणि लगेच रंग म्हणून वाचतात. खऱ्या यंत्रात ते नुसते बाइट आहेत, कसेही वाचा. पीसीचं ग्राफिक्स कार्ड मात्र खोलीचं पान वेगळं आणि रंगाचं पान वेगळं मानतं. झेनियामध्ये (एक्सबॉक्स ३६० चा एम्युलेटर) यासाठी दोन वेगळे मार्ग ठेवलेत, एक वेगवान आणि एक जो प्रत्येक पिक्सेल स्वतः हाताने मेमरीत लिहितो. एखाद्या गेममध्ये सावल्यांच्या जागी चौकटी दिसत असतील तर मार्ग बदलून बघा.

पीएस४ आणि पहिला एक्सबॉक्स आतून पीसीच आहेत ना? मग ते सगळ्यात सोपे असायला हवेत.

पहिला एक्सबॉक्स हे याचं उत्तम उत्तर आहे. २००१ चा, पेंटियम ३ च्या जातीचा ७३३ मेगाहर्ट्झ प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप. सगळ्यांना वाटलं होतं दोन वर्षांत चालेल. प्रत्यक्षात त्याच वर्षी आलेला गेमक्यूब, ज्याचा प्रोसेसर पूर्ण वेगळा, तो कितीतरी आधी नीट चालायला लागला.

का? तर विंडोजवर गेम मधल्या लायब्ररीशी बोलतो आणि लायब्ररी हार्डवेअरशी. एक्सबॉक्सवर ती लायब्ररी प्रत्येक गेमच्या आतच शिवलेली असायची आणि ती थेट चिपच्या मेमरीत लिहायची. पुन्हा डेव्हलपमेंट किटच्या प्रत्येक आवृत्तीत ती थोडी वेगळी. तुम्ही मधे पकडायला जाल तर पकडणार कुठे? सीएक्सबीएक्स-रीलोडेड या एम्युलेटरने गेमच्या कोडमधून ओळखीच्या ठशांवरून एकेक फंक्शन शोधून काढायचा मार्ग घेतला, एक्सेमू या दुसऱ्याने अख्ख्या यंत्राचीच नक्कल करायचा. आणि त्या ग्राफिक्स चिपची कागदपत्रं कधी बाहेर आलीच नाहीत, जे कळलं ते प्रयोग करून.

पीएस४ मध्ये (२०१३) सीपीयूचा कोड खरंच जवळपास जसाच्या तसा चालतो, तेवढं ओझं वाचतं. पण ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीबीएसडीवर बेतलेली सोनीची स्वतःची, तिची शेकडो फंक्शनं नव्याने लिहायची, शेडर एएमडीच्या चिपच्या कच्च्या भाषेत असतात ते उलगडून व्हल्कनसाठी (पीसीच्या ग्राफिक्स कार्डाशी बोलायची पद्धत) परत विणायचे, आणि ८ जीबी मेमरी सीपीयू-जीपीयू दोघांची सामायिक. गेमने एखादं टेक्श्चर (वस्तूवर चिकटवायचं चित्र) सीपीयूने गुपचूप बदललं तर ग्राफिक्स कार्डाला सांगणार कोण? मग एम्युलेटर त्या पानाला "लिहायला बंदी" लावून ठेवतो, गेमने लिहायचा प्रयत्न केला की एरर येते, ती पकडून नोंद करायची की हे टेक्श्चर शिळं झालं, बंदी उठवायची, लिहू द्यायचं. चोराच्या वाटेवर घंटी बांधून ठेवल्यासारखं. एवढं असूनही शॅडपीएस४ या एम्युलेटरने २०२४ मध्ये ब्लडबोर्न चालवून दाखवला तो क्षण मी विसरणार नाही, कारण तो गेम पीसीवर कधी आलाच नाही.

गेम चालतो, फ्रेमही बरोबर, पण कॅरॅक्टर जमिनीतून खाली पडतं किंवा शर्यतीतली घोस्ट गाडी भिंतीवर जाऊन आदळते. हे कसलं?

आकडेमोड. दशांश आकड्यांचं गणित पीसीवर एका ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणे होतं आणि त्यात "अनंत" आणि "हा आकडाच नाही" अशा दोन खास किमती असतात. पीएस२ च्या प्रोसेसरला त्या माहीतच नाहीत, तिथे आकडा फार मोठा झाला की शक्य तेवढ्या मोठ्या किमतीवर थांबतो. गेमला ते सवयीचं. तेच गणित पीसीवर केलं की मधेच "अनंत" येतं, त्यावर पुढचं गणित, आणि थोड्या वेळाने तुमच्या हिरोच्या पायाखालची जमीन नाहीशी. पीसीएसएक्स२ (पीएस२ चा एम्युलेटर) मधले क्लॅम्पिंगचे (आकडा मर्यादेत अडवायचे) पर्याय याचसाठी आहेत.

घोस्टचंही तेच. घोस्ट म्हणजे रेकॉर्ड केलेली बटणं, गाडी प्रत्येक वेळी नव्याने गणित करून चालते. शेवटच्या बिटचं राउंडिंग चुकलं की पहिल्या वळणावर काही दिसत नाही, तिसऱ्या फेरीत गाडी भलतीकडे. दुरुस्त करणाऱ्याची चिकाटी बघा, एका बिटसाठी आठवडे घालवतात माणसं.

मग कुठला पीसी घेऊ?

आधी एका कोअरचा वेग बघा, कोअरची संख्या नंतर. गेमक्यूब, वी, पीएस२ साठी चार चांगले कोअर भरपूर. पीएस३ साठी सहा किंवा आठ, कारण सहा एसपीयू आणि मुख्य कोअरचे दोन थ्रेड सगळे वेगवेगळे पळतात. रॅम १६ जीबी. ग्राफिक्स कार्ड व्हल्कन नीट चालवणारं, फार मोठं लागत नाही, फक्त ४के मध्ये खेळायचं असेल तरच मोठं घ्या.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, पॉवर मोड परफॉर्मन्सवर ठेवा. पंधरा मिनिटांनी गेम हळू होत असेल तर तापल्यामुळे प्रोसेसर वेग कमी करतोय, सेटिंगशी काही संबंध नाही. आवाज फाटत असेल तर साउंड सेटिंग उलटसुलट करू नका, आवाज फाटतो कारण वेग १०० टक्क्यांच्या खाली गेलाय.

३० फ्रेमचा गेम ६० वर नेला तर सगळं दुप्पट वेगाने पळतंय.

त्या गेममध्ये वेळ फ्रेम मोजून धरलेली आहे. कन्सोल एकच, म्हणून लिहिणाऱ्याने बिनधास्त तसं लिहिलं. कुणीतरी त्या गेमसाठी खास पॅच केला असेल तरच ६० वर जा.

बायोस, फर्मवेअर हे सगळं काय आहे आणि कुठून आणायचं?

पीएस२ ला बायोस (कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम) लागतो, तो सोनीच्या मालकीचा आहे आणि तुमच्या स्वतःच्या कन्सोलमधून काढायचा असतो. पीएस३ चं फर्मवेअर (कन्सोलचं सिस्टिम सॉफ्टवेअर) सोनी स्वतःच्या साइटवर अपडेट म्हणून देते, तेच चालतं. डॉल्फिनला बहुतेक गेमसाठी काहीच लागत नाही कारण सिस्टिमचं काम त्यांनी स्वतः लिहिलंय. गेम मात्र तुमच्याच डिस्कवरून काढा. लिंक मागू नका, इथे मिळणार नाही.

हे सगळं कायदेशीर आहे का?

एम्युलेटर लिहिणं अमेरिकेत तरी कोर्टात टिकलंय. कनेक्टिक्सने १९९९ मध्ये मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा प्रोग्राम विकायला काढला, सोनीने केस केली, आणि २००० मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की यंत्र समजून घेण्यासाठी बायोसची मधली कॉपी करणं हा योग्य वापर आहे. दुसऱ्याचा गेम डाउनलोड करणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, ती तेव्हाही बेकायदा होती आणि आताही आहे.

नवीन कन्सोलमध्ये अडतं ते कुलूपापाशी. सगळे गेम एन्क्रिप्ट केलेले असतात आणि अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याने कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा ठरतो. निन्टेन्डोने २०२४ च्या फेब्रुवारीत स्विच कन्सोलच्या युझू एम्युलेटरवर केस केली ती याच मुद्द्यावर, मार्चमध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि युझू बंद, त्याच लोकांचा ३डीएसचा सिट्राही बंद. ऑक्टोबरमध्ये रियुजिन्क्सही (तोही स्विचचा एम्युलेटर) थांबला. कोर्टाचा निकाल असा लागलाच नाही, त्यामुळे मूळ प्रश्न अजून उघडाच आहे. मला निन्टेन्डोची भीती समजते, गेम बाजारात येण्याआधीच लोक पीसीवर खेळत होते हे चूकच होतं. पण वर्षानुवर्षांचं समजून घेतलेलं काम एका दिवसात थांबलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पीएस५ चा एम्युलेटर कधी येणार?

तारीख कुणीही सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि "पीएस५ एम्युलेटर डाउनलोड" अशा साइटवरून काहीही घेऊ नका, तिथे व्हायरस मिळतो. आधी पीएस४ पूर्ण होऊ दे. शिवाय पीएस५ चे पुष्कळ गेम पीसीवरही येतात, मग एवढा वेळ कोण कशासाठी घालवेल? ज्या कन्सोलचे खास गेम दुसरीकडे मिळत नाहीत तिथेच माणसं जमतात.

एवढा खटाटोप कशासाठी? जुना कन्सोल विकत घ्यायचा की.

घ्या, जरूर घ्या, मिळतोय तोवर. पण यंत्रं मरतात. डिस्कची लेन्स जाते, सोल्डर तुटतं. वी यू आणि ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. जे गेम फक्त तिथेच विकले गेले ते आता नव्याने घेताच येत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून सांगितलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. मी लहानपणी ज्या गेमवर जीव टाकला तो या ८७ मध्येच असणार, आणि तो आज माझा भाचा खेळू शकतो ते फक्त कुणीतरी त्या यंत्राचा एकेक बिट समजून घेतला म्हणून.

सेव्ह स्टेटवर भरवसा ठेवू का?

नाही. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी एम्युलेटरच्या पोटात जे होतं त्याचा फोटो. एम्युलेटरचं पोट पुढच्या आवृत्तीत बदललं की तो फोटो उघडत नाही. माझे एका गेममधले जवळजवळ तीस तास एका अपडेटमध्ये असेच गेले, गेमच्या आतला सेव्ह मी पहिल्या गावानंतर कधी केलाच नव्हता. आता अवघड उडी मारायच्या आधी स्टेट घेतो, पण झोपायच्या आधी गेमच्या आतला सेव्ह.

मला कोडिंग येत नाही, तरी मदत करता येईल का?

हो, आणि खूप लागते. एखादा गेम बिघडला तर "चालत नाही" एवढंच लिहू नका. एम्युलेटरची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, लॉग फाइल, सगळी सेटिंग डिफॉल्टवर ठेवूनही बग येतो का, आणि बगच्या अगदी आधीचा गेमच्या आतला सेव्ह, एवढं द्या. जमलं तर जुन्या आवृत्त्या एकेक करून चालवा आणि कुठल्या आवृत्तीपर्यंत ठीक होतं ते शोधा. हजार आवृत्त्या असतील तरी दर वेळी मधोमध तपासत गेलं की दहा वेळा चालवून नेमकी आवृत्ती सापडते. आणि खरा कन्सोल असेल तर तिथे तो प्रसंग कसा दिसतो त्याचा व्हिडिओ जोडा, कारण बग सोडवणाऱ्याकडे तो कन्सोल बऱ्याचदा नसतो आणि खरं चित्र कसं असायला हवं हेच त्याला माहीत नसतं.